पावसावरची पैज ते मोबाईलवरचा डाव : मुंबईच्या जुगारबंदीची गोष्ट

इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, बंगळूर, दिल्ली, जिथे कुठे बसून तुम्ही हे ऐकत किंवा वाचत असाल, तिथे आजचा विषय अनोळखी नसणार. विषय आहे जुगार. नेमकं सांगायचं तर, मुंबई इलाख्यात आणि पुढे महाराष्ट्रात जुगाराबद्दल जे कायदे झाले, त्यांचा इतिहास.

माझा मुद्दा एकच आहे आणि तो आधीच सांगून टाकतो. जुगाराच्या अड्ड्यावर एक शब्द चालतो, 'नाल'. नाल म्हणजे अड्डा चालवणाऱ्याचा वाटा. खेळणारा जिंको की हरो, नाल काढणारा कधी हरत नाही. आपल्या कायद्याने शंभराहून अधिक वर्षं पत्ते, फासे, चिठ्ठ्या आणि ते खेळणारी माणसं यांचा पाठलाग केला. नाल कोणाच्या खिशात जाते, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला.

आपल्या परंपरेत याबाबत दोन वाटा आहेत. मनुस्मृती सांगते की राजाने राज्यातून द्यूत हद्दपार करावं. कौटिल्याचा मार्ग वेगळा. अर्थशास्त्रात जुगारावर देखरेख करणारा द्यूताध्यक्ष आहे. जुगार ठरलेल्या जागीच खेळायचा, फासे सरकारी, खोटे फासे वापरले तर दंड, आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच सरकारात जमा. शिवाय छुपे उद्योग करणारी माणसं अशा जागी सापडतात, हा हेरखात्याचा फायदा वेगळाच. मनू बंदी सांगतो, कौटिल्य परवाना देतो. पुढच्या सगळ्या कथेत सरकार तोंडाने मनूचं नाव घेतं आणि हाताने कौटिल्याची वही लिहितं.

इंग्रजी अमलातली सुरुवात अफूपासून होते. कलकत्त्याला कंपनी सरकार अफूचा लिलाव करायचं आणि त्यात काय भाव निघेल यावर मुंबईचे व्यापारी पैजा लावायचे. अशा एका पैजेचा वाद थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८४८ साली तिथे निकाल लागला की हिंदुस्थानात पैजेचे पैसे कोर्टातून वसूल करता येतात, कारण पैजा रद्द ठरवणारा इंग्लंडचा कायदा इथे लागू नाही. त्याच वर्षी इथेही कायदा करून पैजेचे करार रद्दबातल ठरवावे लागले. मुंबईने १८६५ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. पैजेला जोडून केलेले दलालीसारखे करारही इथे रद्द ठरले. म्हणजे पैज लावून देणाऱ्या दलालाला कलकत्त्यात कोर्टाचा दरवाजा उघडा होता, मुंबईत बंद. दलालालाही हात लावणारा हा कायदा मला त्या काळातला सगळ्यात शहाणा वाटतो. पण तो दिवाणी कायदा होता. फौजदारी कायद्याने वेगळीच वाट धरली.

तो फौजदारी कायदा म्हणजे १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा. आज नाव बदलून तो महाराष्ट्राचा झाला आहे, पण हाडं तीच आहेत. अड्डा चालवणं गुन्हा, अड्ड्यावर सापडणं गुन्हा, रस्त्यावर किंवा चव्हाट्यावर खेळणं गुन्हा. धाडीत जुगाराचं साधन सापडलं, तर उलट सिद्ध होईपर्यंत ती जागा अड्डा समजायची. निव्वळ कौशल्याच्या खेळाला मात्र सूट.

आता मुंबईकराची अक्कल पाहा. साधन सापडलं तर गुन्हा ना? मग असं साधन घ्या जे पोलिसाला जप्तच करता येणार नाही. पाऊस! ठरलेल्या वेळेत ठरावीक पाऊस पडेल की नाही, यावर मुंबईत पैजा लागत होत्या. १८८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे असा खटला आला आणि पावसाची पैज कायद्याच्या शब्दांत बसेना. पुढच्याच वर्षी, १८९० मध्ये, कायदा दुरुस्त करून 'जुगार' या शब्दात 'पैज' घालण्यात आली. कलकत्त्यातही हेच वेड होतं. तिथे १८९७ मध्ये पावसाच्या जुगारावर स्वतंत्र कायदा करावा लागला. कायदा एक दार बंद करतो, जुगार खिडकीतून बाहेर पडतो, आणि खिडकी बंद करायला पुढच्या वर्षी सरकार येतं. हा क्रम तेव्हापासून चालू आहे.

एक खिडकी मात्र मुद्दाम उघडी ठेवली गेली. ती घोड्यांची. १८७२ च्या करार कायद्यातही पैज रद्द, पण पाचशे रुपये किंवा त्याहून मोठ्या शर्यतीच्या बक्षिसासाठी दिलेली वर्गणी चालते. मुंबईने १९१२ मध्ये रेसकोर्सला परवाने देणारा कायदा केला आणि १९२५ मध्ये पैजांवर कर बसवला. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर आखून दिलेल्या जागेत, शर्यतीच्या दिवशी लावलेली पैज कायदेशीर. तीच पैज कुंपणाबाहेर, पानाच्या गादीवर लावली तर तुरुंग. पुण्याचं रेसकोर्स तर लष्कराच्या जमिनीवर आहे, त्यामुळे आम्हा फौजी मंडळींना हे कुंपण फार जवळून पाहायला मिळालं. घोडा तोच, रुपया तोच. फरक फक्त तुम्ही कुंपणाच्या कोणत्या बाजूला उभे आहात एवढाच.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने 'पैज आणि जुगार' हा विषय राज्यांच्या यादीत टाकला. लगेच प्रश्न उभा राहिला, जुगार चालवणारा दुसऱ्या राज्यात बसला तर? त्या काळी शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचं मोठं पेव फुटलं होतं. चमारबागवाला यांची आर.एम.डी.सी. ही त्यातली गाजलेली कंपनी. कोडं छापलं जायचं बंगळूरला, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात. भरलेली कोडी आणि प्रवेशशुल्क मात्र मुंबई राज्यातल्या केंद्रांवरही गोळा व्हायचं. मुंबई सरकारने १९५२ मध्ये कायदा दुरुस्त करून बाहेरच्या स्पर्धांनाही परवाना आणि कर लावला. कंपनी कोर्टात गेली आणि उच्च न्यायालयात जिंकली. पण ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी ऋग्वेदातल्या अक्षसूक्तापासून महाभारत आणि स्मृतींपर्यंतचा आढावा घेतला आणि सांगितलं की जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हेच. आणि पैसा मुंबईत गोळा होतो, तर मुंबईला कायदा करण्याचा अधिकार आहे. आजच्या अ‍ॅपवाल्यांचा सर्व्हर कुठेही असो, त्यांचं उत्तर १९५७ मध्येच दिलेलं आहे.

आता मटका. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होणारे भाव टेलिप्रिंटरवर मुंबईला यायचे आणि त्यांच्या आकड्यांवर पैजा लागायच्या. साठच्या दशकाच्या सुरुवातीला हे आकडे बंद झाले. मग आकडे इथेच काढायचं ठरलं, मडक्यातल्या चिठ्ठ्यांमधून. नाव पडलं मटका. पुढे मडकं गेलं, पत्ते आले, नाव राहिलं. १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि दोन वर्षांनी रतन खत्री या धंद्यात ठळक झाले. गिरणगावात ओपन आणि क्लोजचे आकडे घराघरात पोहोचले.

मटक्याचा हिशोब शाळकरी पोराला कळेल असा आहे. शून्य ते नऊ असे दहा आकडे. तुमचा आकडा लागला तर साधारण भाव एकाला नऊ. दहाही आकड्यांवर रुपया रुपया लावा. दहा रुपये जातील, नऊ परत येतील. जोडीत शंभर शक्यता, भाव एकाला नव्वद. गोळाबेरीज तीच. रुपयामागे दहा पैसे नाल. नशीब खेळणाऱ्याचं बदलतं, हे दहा पैसे बदलत नाहीत. कायद्याने पुढे जुगाराला मदत करणारे आकडे छापणं, वाटणं हाही गुन्हा केला. तरी धाड पडली की सापडायचा तो चिठ्ठी लिहिणारा आणि रुपया लावायला आलेला गिरणी कामगार.

कंपनी कमांडर असताना घरी मनीऑर्डर न पाठवणाऱ्या जवानाला बोलावून विचारणं माझ्या कामाचा भाग होता. एकदा एका जवानाच्या खिशात आकड्यांच्या चिठ्ठ्यांची गुंडाळी सापडली. घरी म्हातारी आई आणि बहिणीचं लग्न ठरलेलं. शिक्षा त्याला देता येत होती, आणि ती मी दिली. चिठ्ठीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाचं नावही त्याला माहीत नव्हतं.

हा मटका जोरात असतानाच, १२ एप्रिल १९६९ रोजी, महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. केरळने दोन वर्षं आधीच ही वाट दाखवली होती. आकड्यावर पैसे लावायचे, नशिबाची वाट पाहायची, हे तसंच. फक्त इथे नाल सरकारी तिजोरीत. आणि १९७६ मध्ये तर महाराष्ट्राने कॅसिनोंना परवाने देणारा, त्यांच्यावर कर बसवणारा कायदाच मंजूर केला. पण तो लागू करण्याची अधिसूचना कधी निघालीच नाही. तब्बल सत्तेचाळीस वर्षं हा कायदा पुस्तकात पडून राहिला आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. गंमत अशी की १९७६ मध्येच शेजारच्या गोव्यात जुगारबंदीचा कायदा झाला. पण त्या कायद्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांसाठी आणि १९९६ मध्ये पाण्यातल्या जहाजांसाठी सूट घातली गेली. परवान्याचा कायदा केला तिथे कॅसिनो आले नाहीत, बंदीचा केला तिथे मांडवीत उभे राहिले.

राहिला कौशल्याचा प्रश्न. सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सांगितलं की रमीत पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, म्हणून तो तीन पत्तीसारखा निव्वळ नशिबाचा खेळ नव्हे. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीलाही कौशल्य मानलं गेलं. पण रमीच्या निकालातच एक सूचना होती. क्लबचा मालक त्या खेळातून नफा काढत असेल, तर गोष्ट वेगळी. पुढची अनेक वर्षं मोबाईलवरच्या कंपन्यांनी 'कौशल्य' हा शब्द उचलला आणि ही दुसरी ओळ सोडून दिली.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, तो चालवणं, त्याची जाहिरात करणं, त्याचे पैसे फिरवणं हा गुन्हा. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. कायदा बरा की वाईट यावर मतं असतील, कोर्टात वादही आहेत. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्यात एक वळण दिसतं. १८८७ ने अड्डेवाल्याबरोबर खेळणाऱ्यालाही धरलं होतं. २०२५ ने खेळणाऱ्याला सोडून गल्ल्याकडे बोट दाखवलं.

तुम्ही म्हणाल, साहेब, तुमच्या मेसमध्ये तंबोला चालतो, त्याचं काय? चालतो, आणि मीही आकडे पुकारले आहेत. पण तिथे जमलेला पैसा बक्षिसांत आणि थोडा कल्याण निधीत जातो. त्यावर कोणाचा बंगला उभा राहत नाही. उद्या कोणी नवा खेळ घेऊन आला, तर साधन कोणतं आणि कौशल्य किती यावर वाद घालत बसू नका. सगळे हरले तरी कमाई कोणाची होते, एवढं विचारा. ज्या घरात हा प्रश्न वेळेवर विचारला जातो, तिथली मनीऑर्डर चुकत नाही.

जय हिंद.