तेल उरणच्या किनाऱ्याला, कर नाक्यावरच्या मजुराला

पेट्रोल महागले की आपल्याला दोन ठरलेली उत्तरे मिळतात. एक, आंतरराष्ट्रीय बाजारात तेल महागले. दोन, प्रत्येक देशात दर वेगळाच असतो, त्यात सरकार काय करणार? दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. सांगितले म्हणून मानायचे नाही, आधी तपासायचे, ही शिस्त आम्हाला बाबासाहेबांनी दिली. म्हणून पेट्रोलच्या दराचाही इतिहास तपासू आणि सुरुवात आपल्या नवी मुंबईपासून करू.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. १९७४ साली मुंबईपासून पश्चिमेला भर समुद्रात 'बॉम्बे हाय'चे तेल सापडले. ते समुद्राखालच्या नळातून उरणला येऊ लागले आणि तिथून माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांकडे जाऊ लागले. माहुलचे हे कारखाने आधी एस्सो आणि बर्मा शेल या परदेशी कंपन्यांचे होते. १९७४ ते १९७६ या काळात ते सरकारच्या ताब्यात आले. म्हणजे समुद्र आपला, तेल आपले, कारखानाही आपला.

तरीही उरणच्या पंपावर दर लागतो तो जगाच्या बाजाराचाच. आपण वापरतो त्यातले ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात होते हे खरे. पण जे इथे निघते तेही आंतरराष्ट्रीय भावानेच मोजले जाते. इथे शुद्ध केलेल्या पेट्रोलचा भावही 'बाहेरून आणले असते तर काय पडले असते' याच हिशेबावर बेतलेला असतो. इथल्या शेतकऱ्याच्या जमिनीचा भाव मात्र सरकारने ठरवला. त्या भावाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक उभे राहिले तेव्हा जानेवारी १९८४ मध्ये गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. गरिबाच्या मालाला सरकारी भाव आणि गरिबाने घ्यायच्या मालाला जागतिक भाव, हा न्याय तेव्हापासूनचा आहे.

आता देशादेशांतील फरकाकडे पाहू. कच्चे तेल साधारण एकाच जागतिक भावाने विकले जाते, मग पंपावर दर वेगळे का? कारण प्रत्येक सरकारचे कराचे धोरण वेगळे. सौदी अरेबिया, कुवेत आपल्या लोकांना तेल स्वस्त देतात. नॉर्वेही तेल विकणारा देश, पण तिथे पेट्रोल महाग. त्याने कर लावला आणि तेलाचा पैसा पुढच्या पिढ्यांच्या निधीत ठेवला. अमेरिकेत केंद्रीय कर १९९३ पासून गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटरला, १८.४ सेंटच आहे. नेपाळला तर तेल पुरवते आपलीच इंडियन ऑइल. तरी २०२१ मध्ये तिथे पेट्रोल स्वस्त होते आणि सीमेवरचे भारतीय पलीकडे जाऊन टाकी भरत होते.

एवढे लांब कशाला जायचे? २०१२ साली गोवा सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला, तेव्हा सिंधुदुर्गातल्या गाड्या पत्रादेवीच्या पलीकडे रांगा लावू लागल्या. बांदा आणि पत्रादेवी यांच्यामध्ये काही आखाती समुद्र नाही, फक्त कराची रेषा आहे. आमच्या नवी मुंबईत जून २०२४ पर्यंत डिझेलवर २४ टक्के व्हॅट होता आणि उर्वरित महाराष्ट्रात २१ टक्के. कर समान असलेल्या भागातही परभणीकर जास्त मोजतो, कारण तेल मनमाडजवळच्या डेपोतून टँकरने येते आणि त्या वाहतुकीचा खर्च त्याच्याच माथी पडतो. मागास ठेवलेल्या मराठवाड्याला मागासपणाचाही दंड!

मग दर चढत का जातात? जुलै २००८ मध्ये कच्चे तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेले होते, तेव्हा मुंबईत पेट्रोल ५५ रुपयांच्या आसपास होते. २९ मे २०२१ रोजी मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली, तेव्हा कच्चे तेल ७० डॉलरच्या आसपास होते. रुपया घसरला म्हणाल, तर तोही हिशेब करू. २००८ मध्ये डॉलर सुमारे ४३ रुपये, म्हणजे पिंप ६,३०० रुपयांचे. २०२१ मध्ये डॉलर सुमारे ७३ रुपये, म्हणजे पिंप ५,१०० रुपयांचे. पिंप स्वस्त झाले आणि पेट्रोल जवळजवळ दुप्पट! २००८ मध्ये सरकारने रोख्यांचे कर्ज काढून दर दाबून ठेवले होते, हे आम्ही लपवत नाही. पण तेवढ्याने हा फरक भरून निघत नाही.

२०१० साली पेट्रोल आणि २०१४ साली डिझेल सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. तेल उतरले की दर उतरेल, असे सांगितले गेले. तेल उतरले, पण कर चढला. मे २०१४ मध्ये पेट्रोलवर केंद्राचे उत्पादन शुल्क लिटरला ९.४८ रुपये आणि डिझेलवर ३.५६ रुपये होते. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत तेल मातीमोल झाले असताना, ते ३२.९८ आणि ३१.८३ रुपये झाले. पुढे दोनदा कपात झाली, तरी मे २०२२ मध्ये पेट्रोलवरचे शुल्क १९.९० रुपये उरले. एप्रिल २०२५ मध्ये कच्चे तेल पुन्हा घसरले आणि शुल्क पुन्हा २ रुपयांनी वाढले.

राज्यही मागे नाही. २०१५ मध्ये दुष्काळाच्या नावाने २ रुपये अधिभार आला. २०१७ मध्ये महामार्गावरची दारूची दुकाने बंद होऊन महसूल बुडाला, तर पेट्रोलवर ३ रुपये वाढवले. दारूची तूट दुचाकीवाल्याने भरली! शिवाय राज्याचा व्हॅट केंद्राचे शुल्क धरून लागतो, म्हणजे करावर कर.

यातली सर्वात मोठी चलाखी कराच्या नावात आहे. संविधानाप्रमाणे केंद्राच्या करात राज्यांचा वाटा असतो, पण उपकर आणि अधिभार त्या वाटपाबाहेर राहतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये पेट्रोलवरच्या ३२.९० रुपयांपैकी वाटपाला पात्र मूळ शुल्क होते फक्त १.४० रुपये. २०२०-२१ मध्ये केंद्राने पेट्रोल-डिझेलवरील शुल्कातून सुमारे ३.७२ लाख कोटी रुपये गोळा केले आणि राज्यांना त्यातून २० हजार कोटींहूनही कमी मिळाले. शाळा, दवाखाने राज्यांनी चालवायचे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा ४० टक्के भार राज्यांनी उचलायचा. तिजोरी आटली की पहिली कात्री कुठे लागते, हे आपल्या वसतिगृहातल्या मुलांना विचारा.

बाबासाहेबांचा १९२५ साली प्रसिद्ध झालेला प्रबंध ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर आहे. केंद्र आणि प्रांत यांच्यात पैसा कसा वाटला गेला, हाच त्याचा विषय. १९२७ साली मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी विचारले होते की प्राप्तिकरात ठरावीक उत्पन्नापर्यंत सूट मिळते, मग लहान शेतकऱ्याच्या शेतसाऱ्याला तशी सूट का नाही? ऐपत पाहून कर घ्या, हे त्यामागचे तत्त्व.

पेट्रोल-डिझेलचा कर ऐपत पाहत नाही. बंगल्यातली मोटार आणि नाक्यावर कामासाठी उभ्या मजुराची जुनी दुचाकी, दोघांना लिटरमागे तोच कर. ज्याच्याकडे दुचाकीही नाही तोही सुटत नाही, कारण तुर्भ्याच्या बाजार समितीत भाजी डिझेलवर येते. दुसरीकडे सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा प्राप्तिकर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला गेला. सरकारनेच सांगितले की यात वर्षाला १.४५ लाख कोटींचा महसूल सोडावा लागेल. आठ महिन्यांत पेट्रोल-डिझेलचे शुल्क शिखरावर पोहोचले. वर सोडले ते खालून वसूल केले.

रस्ते कशातून बांधायचे, असे कुणी विचारेल. आमचा विरोध कराला नाही, तो कुणाकडून घेता आणि कुणाला देता, याला आहे. म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. इंधनावरचे उपकर राज्यांच्या वाटपात आणा. कच्चे तेल उतरले की दर उतरवा. पंपाच्या पावतीवर कराचा आकडा वेगळा छापा.

तरुण मित्रांनो, मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला या तीन गोष्टींवर लेखी उत्तर मागा. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, यातले 'शिका' अर्थसंकल्पालाही लागू आहे.

जय भीम!