कानांनी शिकायचे वैद्यक

कामानिमित्त बंगळूरला जाणे झाले की एखादी संध्याकाळ चिकपेटेसाठी राखून ठेवावी, असा माझा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. १६३८ साली बंगळूर विजापूरकरांच्या ताब्यात आले आणि पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत गेले. मराठीचा या पेठेशी संबंध तेवढा जुना आहे. २०१७ साली येथे भुयारी मेट्रोचे स्थानक झाले, परंतु जिना चढून वर आले की गल्ल्या त्याच आहेत : साड्यांचे गठ्ठे, हातगाड्या, डोक्यावर लोंबणाऱ्या तारा आणि समोरून माणूस आला तर अंग चोरावे लागेल एवढीच रुंदी.

अशाच एका गल्लीत, माडीवरच्या खोलीत, एका गलाईवाल्याची भट्टी आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी तालुक्यांतून सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी देशभर पांगलेल्या मंडळींपैकी हे एक. मागील खेपेस मी त्यांच्याकडे बसलो होतो. चांदीपासून सोने वेगळे करण्यासाठी नायट्रिक आम्ल, म्हणजे त्यांच्या भाषेतील तेजाब, लागते. भांड्यातून तांबूस-पिवळा धूर उठला आणि मला ठसका लागला. मी विचारले, "तुम्हाला याचा त्रास होत नाही?"

"व्हतोय की साहेब. घसा धरतोय थोडा येळ. मग च्या घेतला की बरं वाटतं."

हे 'बरं वाटणं' फसवे असते, हे मला ठाऊक होते. या धुरातील नायट्रोजन डायऑक्साइड वायू छातीत गेला तर प्रारंभी खोकला व घशाची जळजळ यापलीकडे फारसे काही जाणवत नाही. परंतु काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही, फुफ्फुसांत पाणी साठू लागते. दवाखान्यातून 'ठीक आहे' म्हणून घरी पाठवलेला रुग्ण रात्री दगावू शकतो. अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाला हे कसे ठाऊक, असे वाचकांना वाटेल. त्याचे उत्तर हाच या लेखाचा विषय आहे.

काही वर्षांपूर्वी रुग्णवाहिका सेवेच्या खर्चासंबंधीचे एक टिपण माझ्याकडे तपासणीस आले होते. आकडे कळत होते, विषय कळत नव्हता. एका तरुण डॉक्टर स्नेह्याने सुचवले, "तातडीच्या वैद्यकावरची व्याख्याने ऐका. सगळी मोफत आहेत." मी कार्यालयात जाता-येता ऐकू लागलो. त्यांतील एक व्याख्यान अमेरिकेतील शेतकऱ्यांच्या एका विकारावर होते. गुरांचा ओला चारा मुरवण्याच्या उंच कोठारांत हाच वायू साठतो आणि आत उतरणाऱ्याचा जीव घेतो. तेथील कोठार आणि चिकपेटेतील भट्टी यांचा संबंध मला त्या आवाजाने जोडून दिला.

तातडीचे वैद्यक ही स्वतंत्र शाखा म्हणून फार जुनी नाही. ब्रिटनमध्ये या कामातील डॉक्टरांची संघटना १९६७ साली स्थापन झाली, अमेरिकेत १९६८ साली. १९७० साली सिनसिनाटी विद्यापीठात या विषयाचे पहिले पदव्युत्तर प्रशिक्षण सुरू झाले. भारतीय वैद्यक परिषदेने या शाखेला मान्यता दिली ती २००९ साली. तोपर्यंत आपल्या बहुतेक रुग्णालयांतील 'कॅज्युअल्टी' म्हणजे अनुभवाने सर्वांत कनिष्ठ डॉक्टरला रात्रपाळीस बसवण्याची जागा होती. आजही अनेक ठिकाणी ती तशीच आहे. ज्याला सर्वांत कमी ठाऊक, त्याच्यासमोर सर्वांत अवघड रुग्ण, अशी ही व्यवस्था.

शिवाय हे शास्त्र वेगाने बदलते. बंद छातीवर हातांनी दाब देऊन हृदय चालू ठेवता येते, हे जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी १९६० साली मांडले. आधी श्वसनमार्ग, मग श्वास, मग छातीवर दाब हा क्रम अनेक वर्षे शिकवला गेला. २०१० साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने तो बदलला व प्रथम छातीवर दाब देण्यास सांगितले. पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती निघेपर्यंत जुना क्रमच घोकला जातो. आवाज मात्र आठवड्याभरात जगभर पोचतो.

म्हणूनच या विषयाचे शिक्षक आवाजाकडे वळले. ध्वनिफितींवरून वैद्यकीय व्याख्याने पाठवण्याचा उपक्रम कॅलिफोर्नियात १९५०च्या दशकातच सुरू झाला होता, पण त्याला वर्गणी लागे. इंटरनेट आल्यावर चित्र पालटले. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातील प्राध्यापक ज्यो लेक्स यांनी परिषदांमधील व्याख्याने ध्वनिमुद्रित करून कोणालाही मोफत ऐकता येतील अशी खुली केली. न्यूयॉर्कचे डॉ. स्कॉट वाइनगार्ट यांनी २००९ साली अत्यवस्थ रुग्णांच्या उपचारांवरील आपली ध्वनिमालिका सुरू केली. २०१२ साली डब्लिनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या वेळी ऑस्ट्रेलियातील डॉ. माइक कॅडोगन यांनी या साऱ्या खटाटोपाला 'फोम' असे नाव दिले. सर्वांना खुले असलेले मोफत वैद्यकीय शिक्षण, असा त्याचा अर्थ. यामागे कोणत्याही सरकारचा आदेश नव्हता.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत हे सार्वजनिक वस्तूचे उत्तम उदाहरण आहे. एकाने ऐकल्याने दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही आणि आणखी एका श्रोत्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. परंतु येथेच प्रशासकाची नेहमीची चूक होते. ज्ञान निर्माण करणाऱ्याने ते फुकट दिले, म्हणजे घेणाऱ्याला ते फुकट मिळाले, असे आपण धरून चालतो. वास्तविक मधला खर्च उरतोच. तो भाषेचा असतो, निवडीचा असतो, तपासून घेण्याचा आणि हाताने सराव करण्याचा असतो. तो कोणी उचलला नाही तर ज्ञान असून नसल्यासारखे. हा खर्च कोणी उचलायचा, या प्रश्नाला मराठीत दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

१८२६ साली मुंबईत सर्जन जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली एतद्देशीयांसाठी वैद्यकशाळा सुरू झाली. शिकवणे देशी भाषांतून होते. पाठ्यपुस्तके नव्हती, तेव्हा मॅक्लेनन यांनी मराठीत वैद्यकीय ग्रंथ सिद्ध करण्याचे काम हाती घेतले. पाश्चात्त्य वैद्यक मराठीतून शिकवण्याचा हा आरंभीचा प्रयत्न. अवघ्या सहा वर्षांत, १८३२ साली, सरकारने ती शाळा बंद केली. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले ते इंग्रजी माध्यमाचे. त्याने मोठे डॉक्टर दिले, डॉ. भाऊ दाजी लाड पहिल्या तुकडीतले. त्या कॉलेजाचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु उत्तम डॉक्टर घडवणे आणि डॉक्टर येईपर्यंत काय करावे हे लोकांना सांगणे ही दोन कामे आहेत, आणि दुसऱ्या कामाची भाषा त्या वेळी जी मागे पडली ती पडलीच.

न बोलता कारभार केल्यास काय होते, याचा धडाही आपल्याच इतिहासात आहे. २२ जून १८९७ हा व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा दिवस. त्या दिवशी म्हैसूरच्या राजप्रतिनिधी महाराणींच्या हस्ते, चिकपेटेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, व्हिक्टोरिया हॉस्पिटलची कोनशिला बसली. त्याच रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली. घराघरांत सोजीर घुसवून, लोकांना विश्वासात न घेता राबवलेल्या प्लेगनिवारणाचा तो शेवट होता.

वर्षभराने, १८९८च्या ऑगस्टमध्ये, प्लेग बंगळुरातही आला आणि पेठांतील दाट वस्तीत त्याने थैमान घातले. सक्ती आणि हाल तेथेही झाले. पण एक गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. शहराचे चार विभाग पाडले गेले, आरोग्याधिकारी नेमला गेला आणि प्लेगच्या कामात समन्वय राहावा म्हणून शहरात टेलिफोनच्या तारा टाकल्या गेल्या. संकटकाळी माणसाच्या आधी त्याचा आवाज पोचला पाहिजे, ही गोष्ट बंगळूरच्या प्रशासनाला तेव्हाच उमगली होती. व्हिक्टोरिया हॉस्पिटलचे उद्घाटन १९०० साली लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते झाले. पुढे १९३५ साली म्हैसूरच्या प्रा. गोपालस्वामी यांनी आपले खाजगी नभोवाणी केंद्र काढले व त्याला 'आकाशवाणी' म्हटले. हेच नाव नंतर देशाने स्वीकारले. ऐकून शिकण्याची परंपरा या भूमीला नवी नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात आपण पुष्कळ केले. जखमी माणसावर प्रथम उपचार, कायद्याचे सोपस्कार नंतर, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणात दिला. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कर्नाटकात २००८ साली आणि महाराष्ट्रात २०१४ साली आली. परंतु अंदाजपत्रकात वाहने आणि इमारती मोजता येतात, समजूत मोजता येत नाही. त्यामुळे तिच्यासाठी लेखाशीर्षच नसते. चिकपेटेच्या गल्लीत रुग्णवाहिका शिरत नाही. ती तोंडाशी थांबते आणि रुग्णाला हातगाडीवरून तेथवर आणावे लागते. ती दहा-पंधरा मिनिटे सर्वस्वी शेजाऱ्याच्या हाती असतात.

अमेरिकेत सिएटल शहराभोवतीच्या किंग काउंटीत १९८०च्या दशकात एक उपाय रूढ झाला. मदतीसाठी आलेला फोन घेणारा कर्मचारी रुग्णवाहिका पाठवून थांबत नाही. छातीवर दाब कसा द्यायचा, हे तो समोरच्याला फोनवरूनच सांगत राहतो. आपल्याकडे अभियांत्रिकीची व्याख्याने सरकारी खर्चाने मोफत देण्याचा प्रकल्प आय.आय.टी.ने यशस्वी करून दाखवला आहे. तातडीच्या वैद्यकाची पाच-पाच मिनिटांची व्याख्याने मराठीत, कन्नडमध्ये, तज्ज्ञांकडून तपासून, धंद्याधंद्याप्रमाणे वेगळी करून देणे हे त्याहून स्वस्त काम आहे. गलाईवाल्याचे संकट वेगळे, ऊसतोडणी मजुराचे वेगळे. नुसते ऐकून हात तयार होत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे, सराव लागतोच. पण काय करू नये, एवढे तरी ऐकून कळते.

मी त्या गलाईवाल्यांना ही सारी कथा थोडक्यात सांगितली. ते भट्टी मंद करून ऐकत होते. म्हणाले, "ह्ये आमाला आजवर कुणी सांगितलंच न्हाई. मराठीत कुठं ऐकाय मिळंल का?"

मी शोधले, आणि त्यांच्या कामाचे असे काही मला सापडले नाही. तेव्हा मुक्कामी परतल्यावर चार वाक्ये लिहिली, त्या डॉक्टर स्नेह्याकडून तपासून घेतली आणि माझ्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून त्यांना पाठवली. तेजाब अंगावर सांडले तर कपडे काढा आणि निदान वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरा, त्यावर सोडा किंवा चुना चोळू नका. डोळ्यांत गेले तर डोळे उघडे ठेवून तसेच पाणी मारत राहा आणि मग लगेच दवाखाना गाठा. धूर छातीत गेला तर मोकळ्या हवेत या, डॉक्टरांना 'तेजाबाचा धूर' असे स्पष्ट सांगा, आणि बरे वाटले तरी पुढचा दिवसभर एकटे राहू नका. दम लागला तर १०८ला फोन करा, आणि गल्लीच्या तोंडाशी एक माणूस उभा करा.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. विट्याकडच्या आणि कोइमतूरच्या भट्टीवाल्यांनाही त्यांनी ते पाठवले होते. एकच सूचना होती : "साहेब, जरा सावकाश बोलायला पायजे हुतं."