डाग, तुंबडी, सुई : मालवण किनाऱ्यावरची मानदुखी

मानेच्या जुनाट दुखण्यावर चीरफाड न करता सुईने केले जाणारे उपचार आता महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या मोठ्या शहरांत मिळू लागले आहेत. मणक्याच्या सांध्याजवळ औषधाचे इंजेक्शन देतात, किंवा त्या सांध्याची वेदना मेंदूकडे नेणारी बारीक नस रेडिओ लहरींच्या उष्णतेने जाळतात. टाके नाहीत, भूल थोडी, त्याच दिवशी घरी, असे त्यांचे कौतुक होते. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरून या कौतुकाकडे पाहिले तर त्यातले अर्धे नवल ओसरते. छोट्या जखमेने मोठे दुखणे घालवण्याचा खटाटोप इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तापल्या सळईचा डाग, बिब्ब्याचे ठिपके, तुंबडी, जळवा हे सगळे त्याच जातीचे उपाय. ते कितपत गुणकारी होते हा प्रश्न आहेच, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. जुने वैद्यक असो की नवे, दोघांनीही या किनाऱ्यावरची मान कधी नीट पाहिली नाही. तिचे दुखणे वाढले किंवा हटले ते ओझ्याच्या हिशेबाने, आणि तो हिशेब वैद्याच्या वहीत नव्हताच.

हे ओझे बहुतांशी बायकांच्या डोक्यावर होते. गिरण्यांच्या काळात मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडीकडचे पुरुष मुंबईला चाकरमानी झाले आणि घर, शेत, पाणी, जळण बायकांवर आले. विहिरीवरून कळशीवर कळशी, रानातून लाकडाची मोळी, गुरांसाठी गवताचा भारा, घरबांधणीच्या जागी जांभ्याचा चिरा, शिरोड्याच्या मिठागरांतले मीठ. डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर ओझे, हीच वाहतुकीची रीत. मासेमारी करणाऱ्या गाबीत समाजातल्या बायांची गोष्ट तर आणखी वेगळी. देवबाग, तारकर्ली, दांडी, आचरा इथे रापण ओढून झाली की मासळी पाटीत भरायची आणि बाजार गाठायचा, बाजारात खपली नाही तर आतल्या गावांत दारोदार. मासळी वाट बघत नाही, म्हणून चालणेही भराभर. ब्रिटिशांनी वेंगुर्ले बंदर आंबोली घाटाने बेळगावच्या छावणीशी जोडले, पण तो रस्ता लष्कराच्या आणि व्यापाऱ्यांच्या मालासाठी होता. खाड्यांनी तुकडे पाडलेल्या या किनाऱ्यावर गावागावांत जायला पायवाट आणि तर, म्हणजे खाडी ओलांडायची होडी, एवढेच होते. बैलगाडी सगळीकडे जात नव्हती. डोके मात्र सगळीकडे जात होते.

मान धरली की उपायही घरचेच. तेल लावून चोळायचे, गरम मिठाच्या पुरचुंडीने शेकायचे, पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, माणसाचा पाय लावून घ्यायचा. एवढ्याने भागले नाही तर बिब्बा. तापवलेली सुई बिब्ब्यात खुपसून तिच्या टोकाशी आलेले तेल दुखऱ्या जागी टिपक्यांनी लावत. कातडी भाजे, फोड येई, कधी जन्मभराचे काळे डाग राहत. तुंबडी लावणारे वैदू गावोगाव फिरत. यामागे शास्त्राचा आधार नव्हता असे नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निकर्मावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्याच्या पाठोपाठ जळवा व रक्त यांच्यावरचे अध्याय येतात. कोणत्या साधनाने कातडी डागायची आणि कोणत्याने सांधा, कोणत्या ऋतूंत डागू नये, हे तिथे बारकाईने सांगितले आहे. गावातला डाग हा त्या विचाराचा लांबचा, विस्कटलेला वारस.

पण त्या ग्रंथांतली मान कोणाची होती? मन्यास्तंभ, म्हणजे आखडलेली मान, हिची कारणे माधवनिदान हा रोगनिदानाचा ग्रंथ देतो ती अशी : दिवसा झोपणे, वेडेवाकडे बसणे, सतत वर पाहणे. ही फुरसत असलेल्या माणसाची कारणे आहेत. डोक्यावरचे ओझे ग्रंथकारांना ठाऊक नव्हते असे मात्र नाही. वाग्भटाने डोक्यावरून भार वाहणे हे कारण स्पष्ट नोंदवले आहे, फक्त ते अर्दिताचे, म्हणजे तोंड वाकडे होण्याचे. भार दिसला, मानही दिसली, पण त्यांची गाठ या ठिकाणी पडली नाही. वैद्याकडे येणारा रोगी बहुधा भार वाहणारा नसेल, एवढाच तर्क इथे करता येतो, आणि तो मला पटतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : डोक्यावर ओझे नेणे ही तर शरीराला साजेशी पद्धत आहे, पाटी घेऊन चालणाऱ्या बाईची चाल बघा किती डौलदार. या म्हणण्याला शास्त्रीय टेकूही मिळतो. १९८६ साली ‘नेचर’ नियतकालिकात केनियातल्या स्त्रियांवरचा अभ्यास आला. स्वतःच्या वजनाच्या एक पंचमांशापर्यंतचे ओझे डोक्यावर नेताना त्यांना जादा प्राणवायू लागत नाही, असे त्यात आढळले. निष्कर्ष खरा, पण तो दमाचा हिशेब आहे, मणक्याचा नाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या आफ्रिकेतल्याच दुसऱ्या अभ्यासात डोक्यावर ओझी वाहणाऱ्यांच्या आणि न वाहणाऱ्यांच्या मानेचे एक्स-रे ताडून पाहिले, तेव्हा वाहणाऱ्यांच्या मणक्यांत झीज कितीतरी जास्त दिसली. शिवाय भरलेली पाटी शरीराच्या एक पंचमांशावर थांबते हे कोणी ठरवले? बाजारातला भाव ठरवेल तेवढी ती भरते. एक खरे की एक्स-रेमधली झीज आणि प्रत्यक्ष दुखणे यांचा मेळ नेहमी बसत नाही. झीज असून न दुखणारे पुष्कळ असतात. म्हणून झिजलेला मणका दाखवून ‘इथेच दुखते’ असे म्हणता येत नाही, आणि नव्या उपचाराचे खरे मोल नेमके याच अडचणीत आहे.

कारण रेडिओ लहरींची सुई आणि जुना डाग यांतले साम्य वरवरचे आहे. ‘आपल्या पूर्वजांना हे आधीच माहीत होते’ असे म्हणणाऱ्यांनी हा फरक पाहावा. डाग दुखऱ्या जागेवरच्या कातडीला बसे. सुई कातडीला सोडून मणक्यांच्या सांध्याच्या नसेपाशी जाते, आणि जाळण्याआधी ती नस थोडा वेळ बधिर करून दुखणे खरेच थांबते का हे तपासले जाते. त्याहून मोठा फरक परीक्षेचा. १९९६ साली ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलच्या वैद्यांनी २४ रोग्यांवरचा प्रयोग ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापला. बाराजणांची नस ८० अंश सेल्सियसला जाळली, बाराजणांत सुई तशीच घातली पण तापवलीच नाही. आपल्याला काय मिळाले हे रोग्यांना ठाऊक नव्हते. दुखणे निम्म्यापर्यंत परत यायला नस जाळलेल्यांत मध्यकाने २६३ दिवस लागले, नुसती सुई टोचलेल्यांत ८ दिवस. हे आठ दिवस विसरण्यासारखे नाहीत. बिब्ब्याची, तुंबडीची, पायाळूच्या पायाची कीर्ती अशाच आठ दिवसांवर उभी राहिली असावी, असे मला वाटते. त्यात आपसूक बरी होणारी दुखणी मिळवली की गावाचा विश्वास बसायला आणखी काय लागते! नव्या वैद्यकाचीही अशी कीर्ती कधी कधी उतरते. याच सांध्यांत स्टेरॉइडची इंजेक्शने सर्रास दिली जात, आणि १९९४ साली त्याच नियतकालिकात आलेल्या प्रयोगात ती नुसत्या बधिरतेच्या औषधाहून सरस ठरली नाहीत.

तरीही किनाऱ्यावरच्या मानेला या प्रयोगातही जागा नाही. न्यूकॅसलचे रोगी मोटार अपघातात मानेला झटका बसलेले होते. वीस-तीस वर्षे पाटी वाहिलेल्या मानेचे दुखणे एकाच सांध्यात असेल का, त्यात दबलेल्या नसा, आखडलेले स्नायू, खांदे यांचा वाटा किती, याचे उत्तर त्या २४ जणांकडून मिळणार नाही. मन्यास्तंभाच्या वेळी जे झाले तेच इथेही : पुस्तकातली मान दुसऱ्याची. कायद्याचेही तसेच. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा आला, पण तो कोणाचा तरी माल उचलणाऱ्या हमालासाठी. स्वतःचीच मासळी वाहणारी बाई कोणाचीच कामगार नव्हती.

तिचे ओझे उतरवले ते वेगळ्याच गोष्टींनी. एसटी गावात आली, खाड्यांवर पूल झाले, नळ आले, गॅस आला, मग रिक्षा आणि टेंपो. यांतली एकही गोष्ट मानेसाठी केलेली नव्हती, आणि मानेवर इतका परिणाम दुसऱ्या कशाचाही झाला नसेल. ‘मग आता मानदुखी संपायला हवी होती’ असे कोणी म्हणेल. संपली नाही, कारण काम संपले नाही. काजूच्या कारखान्यांत बाया दिवसभर मान खाली घालून बी फोडतात, सोलतात. बाजारात बसणारीची पाटी टेंपोतून आली तरी टेंपोपासून ओट्यापर्यंत डोक्यावरूनच जाते. आणि वैद्यकीय सोयी मागेच राहिल्या. जिल्हा १९८१ साली वेगळा झाला, पण ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यायला त्यानंतर चाळीस वर्षे गेली. तोवर अवघड दुखण्याचा रोगी गोव्यात बांबोळीला नाहीतर कोल्हापूरला जात राहिला.

समजा, ही सुई उद्या ओरोसच्या सिंधुदुर्गनगरीत स्वस्तात मिळू लागली. जळलेली नस पुन्हा वाढते, म्हणून उपचार काही महिन्यांनी पुन्हा करावा लागतो. मासळी विकणाऱ्या बाईला सवड मिळते ती १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत. जुलैअखेर नस जाळून घेतली आणि अपघातवाल्या मानेइतकेच दिवस तिला लाभले, तर २६३ दिवस २० एप्रिलच्या आसपास भरतात. बंदी लागायला तेव्हा सहा आठवडे उरलेले असतात, आणि मे महिन्यात चाकरमानी, पर्यटक सगळे आलेले असल्यामुळे मासळीला गिऱ्हाईक सगळ्यात जास्त असते.