भूल, मंजुरी आणि मान्यता

ऑपरेशनच्या आधी देतात तिला आपण ‘भूल’ म्हणतो. सरकारी कागदावर मात्र ‘बधिरीकरणशास्त्र’ असतं. संस्कृतात बधिर म्हणजे बहिरा. मराठीत हा शब्द कानापुरता न राहता अंगभर पसरला. ‘भूल’ प्राकृत वळणाची. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात ‘भ्रंश्’ धातूच्या जागी येणारे धातू एकाच सूत्रात दिले आहेत आणि त्यांत ‘चुक्क’ व ‘भुल्ल’ शेजारी शेजारी बसले आहेत. चुकणं आणि भुलणं ही तेव्हापासूनची भावंडं. आपल्या विदर्भातल्या भुलाबाईचं नावही लोक भुलण्याशीच जोडतात. भिल्लिणीच्या रूपातल्या पार्वतीला शंकर भुलला, असं आयाबाया सांगतात.

हे आठवायचं कारण प्रवेशाचा हंगाम. यवतमाळ, पुसद, वणीतल्या बारावी झालेल्या मुली नर्सिंग किंवा अ‍ॅनेस्थेशिया टेक्निशियनचा कोर्स शोधत असतात आणि हातात पडणाऱ्या जाहिरातीवर ठळक अक्षरांत ‘शासनमान्य’ असतं. कोणी, काय, कशासाठी मान्य केलं, ते त्या एका शब्दातून कळत नाही.

‘मान्य’ म्हणजे मुळात मान देण्याजोगा. पुढे ‘कबूल’ हा अर्थ आला आणि त्यातून कचेरीतली ‘मान्यता’. ‘मंजूर’ मला यापेक्षा प्रामाणिक वाटतो. तो अरबीतून फारसीमार्गे आला, नजर या शब्दाच्याच मुळातून, अर्थ ‘पाहिलेला’. कोणीतरी येऊन वर्ग, प्रयोगशाळा, दवाखान्यातल्या खाटा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खरी मंजुरी नाहीच. ‘संलग्न’ म्हणजे चिकटलेला. लग्न शब्दातही तोच ‘लग्’ धातू. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी कॉलेज संलग्न असलं तर परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. पण नर्स म्हणून काम करायला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लागते, ती वेगळी. टेक्निशियनचा कोर्स तर नर्सिंगच नव्हे. सहयोगी आरोग्य व्यावसायिकांसाठी 2021 साली स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला आणि भूलविषयक तंत्रज्ञ त्यात येतात. एका मान्यतेवर दुसरीचं काम भागत नाही.

आणखी एक गोष्ट मुलींना कोणी स्पष्ट सांगत नाही. आपल्याकडे भूल देण्याची जबाबदारी डॉक्टरची. टेक्निशियन यंत्र, नळ्या, औषधं तयार ठेवतो, मदतीला उभा राहतो. अमेरिकेत खास शिकलेल्या नर्स स्वतः भूल देतात. तिथे या शिक्षणाची मान्यता पाहणारी वेगळी परिषद आहे आणि तिची मान्यता नसलेल्या संस्थेत शिकलेल्याला प्रमाणपत्राच्या परीक्षेलाच बसता येत नाही. इतका पैसा, इतकी वर्षं घालून मग हे कळणं फार क्रूर आहे.

म्हणून प्रवेश घेणाऱ्या मुलींना आणि त्यांच्या आईबाबांना माझी कळकळीची विनंती: फी भरण्याआधी मंजुरीचं पत्र मागा. त्यावर याच कॉलेजचं पूर्ण नाव, याच कोर्सचं नाव, जागांची संख्या आणि चालू वर्ष आहे का ते वाचा. ‘प्रस्तावित’ असा शब्द दिसला तर तो मंजूर नव्हे. मग तेच नाव परिषदेच्या आणि विद्यापीठाच्या यादीत स्वतः शोधा. पत्र दाखवायला कॉलेज टाळाटाळ करत असेल, तर तिथे प्रवेश घेऊ नका.