जोडनौका आणि पाठचा वारा

पाठीशीं वारा असणें हें आपण सुदैवाचें लक्षण मानतों. ज्याच्या पाठीशीं वारा त्याला वल्हें कशाला हवें, असा सामान्य माणसाचा समज असतो. आणि एका परीनें तो खराहि आहे. कोंकणच्या खाडींत समोरून वारा सुटला म्हणजे तांडेलाची केवढी त्रेधा उडते, हें ज्यानें पाहिलें आहे त्याला अनुकूल वाऱ्याची थोरवी निराळी सांगावयास नको. परंतु नौकांची एक जात अशी आहे कीं, तिला समोरच्या वाऱ्यापेक्षां पाठच्या वाऱ्याचें भय अधिक बाळगावें लागतें. ती जात म्हणजे दोन अंगांची जोडनौका. सर्व जग तिला ‘कॅटमरॅन’ या नांवानें ओळखतें. ही नौका कां उलथते आणि ती उलथूं नये म्हणून काय करावें, हें समजावून घेण्यास दर्यावर्दी लोकांना फार मोल द्यावें लागलें. त्या शिक्षणाचा इतिहास येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे.

प्रथम नांवाविषयीं. ‘कॅटमरॅन’ हा शब्द मूळचा तमिळ. ‘कट्टु’ म्हणजे बांधणें आणि ‘मरम्’ म्हणजे लाकूड. चोलमंडलाच्या किनाऱ्यावरील कोळी कांहीं ओंडके दोरांनीं एकत्र बांधून जो तराफा समुद्रांत लोटीत, त्याचें हें नांव. त्याला दोन अंगें नव्हतीं. इंग्रजांनीं तो शब्द उचलला आणि पुढें तो भलत्याच नौकेला चिकटला. दोन सडपातळ नौका आडव्या लाकडांनीं जोडून महासागर ओलांडण्याची विद्या खरोखर पॅसिफिकांतील पॉलिनेशियन लोकांची. आपल्या कोंकणी होडीच्या एका बाजूस जी उलांडी बांधलेली असते, ती याच कल्पनेची धाकटी बहीण होय. होडी रुंद न करतां तिचा आधार तेवढा रुंद करावयाचा, हें या युक्तीचें मर्म. आधार रुंद म्हणून नौका सहसा कलंडत नाहीं. अंग सडपातळ म्हणून ती पाणी कापीत वेगानें जाते.

या गुणाच्या पोटींच दोष दडलेला आहे. तळाशीं जड भार असलेलें साधें शिडाचें जहाज झपाटा आला कीं एका अंगावर झुकतें, शिडांतला वारा निसटून जाऊं देतें, आणि झपाटा ओसरतांच पुन्हां सरळ होतें. त्याचें झुकणें हीच त्याची सूचना. जोडनौका झुकत नाहीं, म्हणून सूचनाहि देत नाहीं. मर्यादा ओलांडली कीं ती एकदम उलथते. आणि पालथी पडल्यावरहि ती तितकीच स्थिर असते! तिला पुन्हां सरळ करणें खलाशांच्या हातीं बहुधा राहत नाहीं.

युरोपांत या नौकेचा पहिला मोठा प्रयोग केला तो सर विल्यम पेटी या विद्वानानें. अर्थशास्त्राच्या इतिहासांत ज्याचें नांव अग्रभागीं घेतलें जातें, तोच हा पेटी. त्यानें १६६२ मध्यें डब्लिन येथें दोन अंगांची नौका बांधली, आणि दुसऱ्याच वर्षीं त्याच्या अशाच एका नौकेनें डब्लिन-हॉलिहेडच्या मार्गावर टपालाच्या जहाजाला शर्यतींत मागें टाकलें. पुढें १६६४ च्या अखेरीस त्याची मोठी नौका लंडनमध्यें पाण्यांत लोटली गेली. तिचें नांव ‘एक्सपेरिमेंट’, म्हणजे प्रयोग. प्रयोगाचा शेवट मात्र दारुण झाला. १६६५ मध्यें ती तुफानांत सांपडून बुडाली, आणि त्याबरोबर युरोपांतली ही कल्पनाहि दीर्घ काळ मागें पडली.

तिला पुन्हां वर काढलें तें अमेरिकेंतील नौकाशिल्पी नॅथॅनियल हेरेशॉफ यानें. १८७६ च्या जून महिन्यांत न्यूयॉर्कच्या शर्यतींत त्याची ‘अमॅरिलिस’ उतरली. लांबी अवघी सुमारें २५ फूट. पण तिनें नामांकित नौकांना सहज मागें टाकलें. हरलेल्यांनीं तक्रार केली, आणि ही नौका नियमांत बसत नाहीं म्हणून तिचें बक्षीस नाकारण्यांत आलें. हेरेशॉफनें पुढल्या वर्षीं आपल्या रचनेचें पेटंट घेतलें. दोन्ही अंगांना लाटांप्रमाणें निरनिराळें हालतां यावें, अशी सांध्यांची योजना त्यानें केली होती. तथापि शर्यतीच्या जगानें तिच्याकडे बराच काळ पाठ फिरविली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्यें हवाई बेटांत वुडी ब्राउन व त्याचे सहकारी यांनीं पॉलिनेशियन परंपरेवरून स्फूर्ति घेऊन ‘मनु काइ’ नांवाची नौका बांधली, तेव्हां या जातीचा आधुनिक काल सुरू झाला.

वेग वाढला, तसें पाठच्या वाऱ्याचें कोडेंहि स्पष्ट होऊं लागलें. तें असें. वारा ताशीं २० मैलांनीं वाहत आहे आणि नौका त्याच दिशेनें ताशीं १२ मैलांनीं पळत आहे, असें समजा. नौकेवरील माणसाला वारा केवळ ८ मैलांचा भासतो. अंगावर मंद झुळूक, शिडें शांत, सर्व कांहीं सुरळीत! परंतु शिडावरील जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. इतक्यांत नौकेच्या दोन्ही नाळा पुढच्या लाटेच्या पाठींत रुतल्या आणि गति थांबली, तर तेंच शीड अकस्मात् पुऱ्या २० मैलांच्या वाऱ्यापुढें उभें राहतें. ६४ आणि ४०० यांचें जें प्रमाण, त्या प्रमाणांत, म्हणजे सहापटींहून अधिक जोर डोलकाठीच्या शेंड्याकडे पुढें ढकलूं लागतो. नाळा आणखी खोल जातात, मागचा भाग वर उचलला जातो आणि नौका पुढच्या पुढें कोलांटी खाते. ज्या वेगानें वाऱ्याची धार लपविली, तोच वेग नाहीसा होतांच ती धार उघडी पडते.

झपाट्यांच्या वाऱ्यांत याहून एक सूक्ष्म फसगत होते. वाऱ्याच्या तोंडाकडे जात असतां झपाटा आला तर नाळ वाऱ्याकडे वळवावी, म्हणजे शिडें फडफडूं लागतात आणि जोर ओसरतो, हें खलाशी पहिल्यानें शिकतो. ही संवय त्याच्या हातांत इतकी मुरते कीं, विचाराच्या आधीं सुकाणूं फिरतें. वारा पाठीशीं असतां हीच संवय घातक ठरते. नाळ वाऱ्याकडे वळली कीं भासणारा वारा वाढतो, आणि वळणाचा झोंकहि नौकेला वाऱ्याखालच्या बाजूकडेच फेकतो. तेथें नियम उलटा: झपाटा आला कीं नाळ वाऱ्यापासून दूर न्यावी, मात्र इतकी दूर नव्हे कीं शीड धाडकन् दुसऱ्या बाजूवर आदळेल. या दोन नियमांच्या मध्यें, वारा ऐन बाजूनें येत असतां, सुकाणवाची मदत लवकर पोंचत नाहीं; तेथें शिडाची दोरी सैल सोडणें हाच उपाय.

या मधल्या भयस्थानाची प्रचीति अमेरिका चषकाच्या ७२ फुटी जोडनौकांनीं आणून दिली. १६ ऑक्टोबर १९१२ नव्हे, तर अगदीं आपल्या काळांत, १६ ऑक्टोबर २०१२ रोजीं, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरांत ‘ओरॅकल’ संघाची नौका वाऱ्याच्या तोंडाकडून पाठीकडे वळत असतां तिच्या नाळा रुतल्या आणि ती उलथली. माणसें बचावलीं. पुढें ९ मे २०१३ रोजीं त्याच पाण्यांत ‘आर्टेमिस’ संघाची नौका मोडून उलटली, आणि तिच्याखालीं अडकून अँड्र्यू सिम्प्सन या इंग्रज वीराचा अंत झाला. हा २००८ च्या ऑलिंपिकमधील सुवर्णपदकाचा मानकरी. दर्यावर्दीपणांत त्याला उणें काढण्यास जागा नव्हती. त्यानंतर ज्या वाऱ्यांत शर्यत घ्यावयाची त्याची मर्यादा खालीं आणली गेली. कौशल्यालाहि एक सीमा असते, हें मान्य करण्यास एका प्राणाची किंमत पडली.

याच्या उलट एक चित्र पाहण्यासारखें आहे. १९९४ मध्यें पीटर ब्लेक आणि रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे ‘एन्झा न्यूझीलंड’ या सुमारें ९० फुटी जोडनौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणा करीत होते. प्रवासाचें उद्दिष्टच मुळीं वेग. पूर्वीचा विक्रम ७९ दिवसांचा, तो मोडावयाचा. शेवटच्या टप्प्यांत, फ्रान्सचा किनारा जवळ आला असतां, पाठीशीं तुफान उठलें. त्यांनीं काय करावें? नौकेच्या मागें जाड दोर आणि सांखळी पाण्यांत सोडून स्वतःची गति आपण होऊन कमी केली! प्रत्येक तास मोजला जात असतां त्यांनीं वेगाला लगाम घातला, आणि १ एप्रिल रोजीं ७४ दिवस २२ तासांत प्रदक्षिणा पुरी केली. विक्रम त्यांचा झाला, आणि सर्व माणसें सुखरूप परतलीं.

जाणते दर्यावर्दी आज जे नियम सांगतात, ते सारे या एका प्रसंगांत सामावले आहेत. शीड आखडावयाचें तें अंगाला लागणाऱ्या वाऱ्यावरून नव्हे, तर खऱ्या वाऱ्यावरून. आणि सरासरी वाऱ्यावरून नव्हे, तर सर्वांत मोठ्या झपाट्यावरून. मोठें शीड वेळींच उतरून पुढचें लहान शीड ठेवावें. माणसांचा व सामानाचा भार पिछाडीकडे न्यावा. लाटेच्या उतारावर नौका सरळ धांवूं न देतां किंचित् तिरपी न्यावी. आणि तरीहि वेग आवरेना, तर मागें दोर सोडावे. वाऱ्याकडे तोंड फिरवावयाचें असेल, तर शीड आधीं आखडावें, मग वळावें. यांतील एकहि गोष्ट बिकट नाहीं. बिकट आहे ती एवढीच कीं, या सर्व गोष्टी भय वाटूं लागण्यापूर्वीं करावयाच्या असतात.

पेटीच्या ‘प्रयोगा’पासून आजपर्यंत साडेतीनशें वर्षें लोटलीं. नौकेचें लाकूड जाऊन तेथें नवे पदार्थ आले, शिडांचे आकार बदलले, वेग अनेक पटींनीं वाढला. पण समुद्रानें आपला धडा बदललेला नाहीं. प्रतिकूल वारा माणसाला जागें ठेवतो. अनुकूल वाऱ्यांत जागें राहण्याचें काम माणसाला स्वतःच करावें लागतें.