बाघची चित्रे आणि प्रतिकृतींचा हक्क

किल्ल्याच्या पायथ्याचे गूजरी महालातील संग्रहालय आपण माधवगंजकरांनी लहानपणापासून पाहिले आहे. तिथे बाघ लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती आहेत. मूळ चित्रे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची. ती काढणाऱ्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत आणि त्यांवर कुणाचा स्वामित्वहक्कही नाही. ती सर्वांची आहेत. मग त्यांच्या प्रतिकृती कुणाच्या?

आज धार जिल्ह्यात असलेले बाघ तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होते. माधवराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९१३ साली, संस्थानचे पुरातत्त्व खाते निघाले. मोरेश्वर बळवंत गर्दे त्याचे प्रमुख होते. लेण्यांतील चित्रे झपाट्याने नष्ट होत चालली होती. म्हणून १९२१ मध्ये नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर यांना त्यांच्या प्रतिकृती करण्यासाठी बोलावण्यात आले. या कामात आपटे, भांड, भोंसले, जगताप हे आपले मराठी चित्रकारही होते. १९२७ साली लंडनच्या इंडिया सोसायटीने या प्रतिकृती ग्रंथात छापल्या. पुढे १९८२ मध्ये उरलेली बहुतेक मूळ चित्रे भिंतींवरून काढून ग्वाल्हेरला आणावी लागली. जे पुसले गेले, त्याची साक्ष आता या प्रतिकृतीच देतात.

हाताने केलेल्या प्रतिकृतीत चित्रकाराचे स्वतःचे कसब असते, म्हणून तिला वेगळा स्वामित्वहक्क मिळू शकतो. नंदलाल १९६६ साली निवर्तले. हक्क त्यांचा मानला, तर मृत्यूनंतर ६० वर्षे, म्हणजे २०२६ अखेरपर्यंत तो चालतो. दरबारचे सरकारी काम मानले, तर तेव्हाच्या नियमाने प्रसिद्धीपासून ५० वर्षांनी, १९७७ अखेरीस, तो संपला. चित्र एकच, उत्तरे दोन!

जशाच्या तशा काढलेल्या फोटोची गोष्ट निराळी. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितले, की नुसते श्रम आणि पैसा पुरत नाहीत, थोडी तरी स्वतःची निर्मिती हवी. तो वाद न्यायनिर्णयांच्या छापील प्रतींचा होता. पण तोच न्याय लावला, तर जुन्या चित्राचे स्कॅन करून त्यावर नवा हक्क सांगणे कठीण आहे. संग्रहालय फोटोसाठी परवानगी किंवा शुल्क मागू शकते. तो मात्र त्या वास्तूचा नियम झाला, जुन्या चित्रावरची मालकी नव्हे.

तेव्हा पत्रिकेत वा स्मरणिकेत बाघचे चित्र छापायचे झाल्यास आधी विचारावे, की हे मूळ चित्र, कुणाच्या हातची प्रतिकृती, की नुसता फोटो? आणि प्रतिकृती असेल तर खाली चित्रकाराचे नाव जरूर द्यावे. नंदलालांना जग ओळखते. आपटे, भांड, भोंसले, जगताप यांची आठवण आपण ग्वाल्हेरकरांनीच ठेवायची आहे.