भिलाईहून दिसणारा सेनापती

भिलाईत मराठी मंडळी जमली आणि सर्वांत थोर सेनापती कोण असा विषय निघाला, की पहिल्या बाजीरावाचं नाव हमखास येतं. मग फील्ड मार्शल माँटगोमेरीची साक्ष काढली जाते. युद्धांच्या इतिहासावरच्या आपल्या पुस्तकात त्याने पालखेडची मोहीम वाखाणली आहे. आपल्याला इंग्रज सेनापतीचं प्रशस्तिपत्र का लागतं, ते असो. पण पालखेड होतंच तसं. १७२७ च्या पावसाळ्यानंतर बाजीराव निघाला, जालना, खानदेश, गुजरात असा भिरभिरला. निजाम पुण्यात शिरला तरी तो बचावाला परतला नाही, उलट औरंगाबादकडे वळला. घाईने मागे धावणाऱ्या निजामाचा अवजड तोफखाना मागे पडला आणि २८ फेब्रुवारी १७२८ रोजी तो पालखेडला अन्नपाण्यावाचून कोंडला गेला.

हा वेग आला कुठून? सोबत बुणगे नाहीत, धान्याचे तांडे नाहीत. घोड्याचा दाणा आणि स्वाराची भाकरी वाटेवरच्या गावांतून. ती गावं मोहिमेच्या नकाशावर दिसत नाहीत.

भिलाईहून ती दिसतात. आमच्या शेजारचं दुर्ग हे १७४१ मध्ये मराठी फौजेचं ठाणं होतं. नागपूरकर रघूजी भोसल्यांचा सेनापती भास्करराम कोल्हटकर इथून छत्तीसगडभर फिरला. रतनपूरच्या वृद्ध रघुनाथसिंहाने फारसा प्रतिकार केला नाही; शहरावर लाखाचा दंड बसला. पुढच्याच वर्षी भास्करपंत बंगालमध्ये होता. बर्दवानजवळ त्याने अलिवर्दीखानाला घेरलं, रसद तोडली आणि नबाबाच्या फौजेला उपाशीपोटी लढत काटव्यापर्यंत माघार घ्यायला लावली. डाव तोच, पालखेडचा.

पण बंगालमध्ये तो पालखेड म्हणून आठवत नाही. ज्याला सरकारातून घोडा मिळे तो बारगीर. त्या साध्या लष्करी शब्दाचा तिकडे ‘बर्गी’ झाला आणि मुलांना झोपवायच्या गाण्यात जाऊन बसला. गंगारामाच्या ‘महाराष्ट्र पुराणा’त जळती गावं आणि पळणारी माणसं आहेत. १९५५ च्या सोव्हिएत करारानंतर इथे पोलाद कारखाना उभा राहिला आणि देशभरची माणसं एका वसाहतीत आली. बाजीरावाची फुशारकी मारणाऱ्याच्या भिंतीपलीकडे ते अंगाईगीत ऐकत वाढलेलं घर असू शकतं.

माझं मत तरीही बाजीरावालाच. मात्र ते घोडदौडीसाठी नाही. कोंडलेल्या निजामाला त्याने संपवलं नाही; ६ मार्चला मुंगी-शेवगावला तह करून चौथाई-सरदेशमुखीचा हक्क मान्य करून घेतला आणि त्याला जाऊ दिलं. विजयाकडून काय मागायचं आणि कुठे थांबायचं, हे त्याला कळत होतं. भास्करपंताला ते कळत नव्हतं, असं म्हणणं थोडं अन्यायाचं होईल. तो रघूजींचा चाकर, तहाचा शब्द त्याचा एकट्याचा नव्हता. १७४२ मध्ये काटव्याला दुर्गापूजा चालू असताना अलिवर्दीने रातोरात नदी ओलांडून त्याला हुसकावलं. १७४४ च्या मार्चअखेरीस तहाच्या बोलण्यासाठी मानकऱ्याच्या तंबूत बोलावून त्याला त्याच्या सरदारांसह कापून काढलं. वार्षिक बारा लाखांच्या चौथाईचा तह रघूजींना १७५१ मध्ये मिळाला. तोवर बंगालची गावं बर्गींच्या वाटेवरच होती.